मांडीवरचा कापूस

शेजारच्या कॉटवरच्या निकितानं सहज विचारलं, "ताई, तुमच्या पिल्लाची पट्टी निघून पडली का हो?" मी म्हणाले, "कसली पट्टी?" तिनं तिच्या मुलाचं दुपटं बाजूला करून दाखवलं. मांडीवर कापसाचा एवढासा बोळा, त्यावर पांढरी चिकटपट्टी. दुसऱ्या मांडीवरही तसंच. "जन्मल्या जन्मल्या टोचतात ना, ते. तुमच्याही असणारच की." मी माझ्या पोरीचं दुपटं सोडलं, लंगोट बाजूला केला, दोन्ही मांड्या पाहिल्या, उलटी करून पाहिली, दंड पाहिले. पोरगी कोरी होती. पहाटे जन्मलेली, लालबुंद, सुरकुतलेली, आणि अंगावर कुठे टोचल्याची खूण नाही. खरं तर आईला बरं वाटायला पाहिजे, आपल्या लेकराला कुणी टोचलं नाही म्हणून. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली, कारण कापूस नाही याचा अर्थ कुणीतरी नको म्हटलं होतं, आणि ते मी म्हटलेलं नव्हतं. मी बेल दाबली आणि अंगठा तिच्यावरच ठेवला.

अरफा सिस्टर चप्पल फटफट वाजवत आली. "काय झालं ताई, दुखतंय का?" मी म्हटलं, "दुखतंय ते राहू द्या. हिला टोचलं का नाही?" तिनं पोरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाळाचे पप्पा नको म्हणाले. आत्ता काहीच द्यायचं नाही, पाचवी झाल्यावर बघू म्हणाले. मला वाटलं, तुमच्या घरात ठरलंय." "आणि मी? मला का नाही विचारलं?" "ताई, तुम्हाला टाके पडत होते तेव्हा." "टाके खाली पडत होते, सिस्टर. माझे कान वर होते. मी काय मेले होते का?" निकिता दुसरीकडे बघायला लागली. सिस्टरचंही तोंड उतरलं. पण ती बारा बाळंतिणी सांभाळणारी, तिला माझ्या रागाचं काय? तिनं कोरड्या आवाजात सांगून टाकलं की एक व्हिटॅमिन के चं असतं, रक्त गोठायला. एक काविळीचं, ते पहिल्या दिवसातच दिलेलं बरं. पोलिओचे थेंब. आणि घरी जाताना दंडावर बीसीजी. मी विचारलं, रक्ताचं कशाला? तर म्हणाली, "नव्या बाळाच्या अंगात ते फार कमी असतं. एखाद्या बाळाला पहिल्या आठवड्यात रक्त सुटतं, नाकातून, बेंबीतून. एखाद्याला नंतर डोक्यात होतं. क्वचितच हो, घाबरू नका. पण सुटलं की मग धावपळ. संध्याकाळी डॉक्टरबाई राउंडला येतील, तेव्हा काय ते सांगा." आणि गेली. घाबरू नका म्हणून गेली.

मी पडून राहिले. पडून राहण्याशिवाय करणार काय, कुशीवर वळायचं तरी खालून सगळं ओढल्यासारखं होत होतं. पंखा कर्रकर्र करत होता, फिनेलचा वास, माझ्याच अंगाला रक्ताचा आणि दुधाचा वास. आणि मला आठवलं. मी ऐकलं होतं. पहाटे टेबलावर, पाय वर बांधलेले, डोळ्यांत दिव्याचा प्रकाश, पोरगी नुकती रडून गप्प झालेली, आणि दाराशी कल्याणचा आवाज, हळू, "नको, नको, आत्ता काही नको." माझ्या कानांनी ऐकलं होतं. मला वाटलं, त्याला कुणी चहा विचारतंय. मनात म्हटलंसुद्धा, घे की चहा, रात्रभर उभा आहेस बिचारा. बिचारा! माझ्या पोटातून मूल निघून पुरतं पुसूनही झालं नव्हतं, आणि बिचाऱ्यानं तिच्याबद्दलचा पहिला निर्णय दाराशी उभं राहून घेऊन टाकला, आणि मी त्याच्या चहाची काळजी करत होते. सातव्या महिन्यापासून मी डाव्या कुशीवर झोपले, पपई खाल्ली नाही, लोखंडाच्या गोळ्या ओकत ओकत गिळल्या. तेव्हा सगळे म्हणायचे, तुझं मूल आहे, तूच जपायला पाहिजे. बाहेर आल्याबरोबर ते सगळ्यांचं झालं.

बरं, मला तरी सुई हवीच होती का? हे कुणाला सांगू? मीही त्या मांडीकडे पाहिलं होतं. माझ्या अंगठ्यापेक्षा थोडी जाड, कातडी इतकी पातळ की आतली निळी शीर दिसावी. तिच्यात सुई घालायची? कदाचित मीही म्हणाले असते, थांबा जरा, विचार करते. पण ते मी म्हणाले असते ना. घाबरले असते तर मी घाबरले असते, विचारलं असतं, रडले असते, मग हो म्हणाले असते नाहीतर नाही. या लोकांनी मला घाबरायचीसुद्धा संधी दिली नाही. दुपट्यात गुंडाळून पोरगी हातात दिली आणि म्हणाले, दूध पाज.

पाचवी झाल्यावर बघू. हे वाक्य कल्याणचं नव्हतं, ते मला लगेच कळलं. त्याच्या तोंडून त्याची आई बोलली होती. आमच्या आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, कडूबाई त्यांचं नाव, शेवगावकडच्या. माझ्या आईचा पाय मोडून ती नेवाशाला प्लास्टरमध्ये पडलेली, म्हणून पहिलं बाळंतपण असून सगळं आत्यांच्या हातात गेलं. त्यांच्या घरात एक नियम आहे. पाचवी पुजेपर्यंत लेकराला सुई लागू द्यायची नाही. लग्न होऊन आले तेव्हाच ऐकलं होतं. जावेच्या मुलाच्या वेळी गावातल्या नर्सबाईला दारातून परत पाठवलं होतं, ते हसत हसत सांगतात. कारण विचारलं की आत्या एवढंच म्हणायच्या, "माजी पैली सुईनं गेली." तेवढ्यावर सगळे गप्प. कल्याणच्या आधी त्यांना एक मुलगी झाली होती, ती बारशाआधीच गेली, आणि ती सुईनं गेली. घरातल्या कुणालाच याच्यापुढे काही माहीत नव्हतं, आणि विचारायची कुणाची छातीही नव्हती. मी ते वाक्य इतक्या वेळा ऐकलं होतं की त्याचा अर्थ लावणंच सोडून दिलं होतं. दूर कुठेतरी, माझा जन्म व्हायच्या आधी घडलेली ती गोष्ट सरळ माझ्या पोरीच्या मांडीवर येऊन बसेल असं मला वाटलं नव्हतं.

आणि आत्यांची पिशवी! दवाखान्यात आल्यापासून ती पिशवी कॉटखाली होती. वावडिंग, बाळंतशोपा, ओवा, जुन्या लुगड्याची फडकी. त्यातच एका फडक्यात गुंडाळलेला विळा. तो सकाळीच त्यांनी पोरीच्या गादीखाली सरकवला, बाहेरचं काही लागू नये म्हणून. सिस्टरनं पाहिला तर ती किंचाळेल. आणि पिशवीच्या तळाशी एका पुरचुंडीत बिब्बे, पाचवी झाली की पोरीच्या पोटावर चार ठिपके द्यायला, म्हणजे पोट दुखत नाही म्हणे. बिब्बा कसा देतात माहीत आहे? सुईला टोचतात. हो, सुईलाच. दिव्यावर धरतात, त्याचं तेल उकळून वर आलं की ते चटकन कातडीला लावतात. माझ्या पोटावर बेंबीच्या दोन्ही बाजूंना दोन डाग आहेत, काळे, सुकलेल्या बोरासारखे. सोनोग्राफीच्या वेळी त्या डॉक्टरनं मशीन फिरवता फिरवता विचारलं होतं, हे कसले? मी म्हटलं, बिब्ब्याचे. मला त्या अंधाऱ्या खोलीत पोट उघडं टाकून पडल्या पडल्या लाज वाटली, आणि मग माझ्या आईचा राग आला, आणि मग आईच्या आईचा. मी किती रडले असेन तेव्हा. मलाही कुणी विचारलं नव्हतं. अर्थात तान्ह्या पोरीला कोण विचारणार? पण तान्ह्या पोरीच्या आईला तरी विचारलं होतं का? माझी आई तेव्हा एकोणीस वर्षांची होती. ती तिथे बसून बघत असेल, आत्ता मी बघतेय तशी, छताकडे.

आत्या गच्चीवरून फडकी वाळत घालून आल्या. हात पदराला पुसत पोरीजवळ गेल्या, दुपटं सुटलेलं पाहून म्हणाल्या, "अगं, उगडी काय टाकली लेकराला? वारं लागंल ना." मी म्हटलं, "कापूस शोधत होते." "कसला कापूस?" "सुईचा." त्यांचे हात थांबले. मग त्या पुन्हा दुपटं बांधायला लागल्या, घट्ट, नेहमीपेक्षा घट्ट. "सुई पाचवी झाल्यावर. आपल्यात तसंच हाय." मी म्हटलं, "विळा चालतो, बिब्बा चालतो, आणि सुई नाही?" त्या म्हणाल्या, "बिब्बा आपला हाय." एवढंच म्हणाल्या, आणि जसं काही सगळं सांगून झालं अशा थाटात पोरीला थोपटायला लागल्या. मला वाटलं, त्यांची ती पिशवी उचलावी आणि खिडकीतून खाली सावेडी रोडवर फेकून द्यावी, वावडिंगासकट. पण माझ्याच्यानं उठवत नव्हतं.

तेवढ्यात कल्याण डबा घेऊन आला. तोंडभर हसू, हातात थर्मास, कपाळाला कुणीतरी लावलेला गुलाल. कंपनीत पेढे वाटून आला होता. तो एमआयडीसीत क्वालिटीला आहे. केसाएवढा ओरखडा दिसला तर पार्ट परत पाठवतो, त्याच्या सहीशिवाय तिथून ट्रक हलत नाही, हे तो मला दर आठवड्याला सांगतो. आत्यांसमोर मी त्याला अहो म्हणते, एकटे असलो की कल्याण. त्या दुपारी आत्यांसमोर कल्याण निघालं. "कल्याण, पहाटे तू सिस्टरला काय सांगितलंस?" हसू गेलं. डबा स्टुलावर ठेवला, झाकण उगाच दाबून पाहिलं. "अगं, मी तुला सांगणारच होतो." "कधी? बारशाला?" "पाच दिवसांचा तर प्रश्न आहे, दिपा. मी काय कायमचं नको म्हटलंय का? आईला शब्द दिला होता." "तिच्या अंगात रक्त सुटलं तर ते तुझा शब्द ऐकून पाच दिवस थांबणार आहे का?" "असं अभद्र बोलू नको." "मी अभद्र बोलतेय? तू न विचारता नको म्हणून आलास ते शुभ बोललास?" तो हळू आवाजात म्हणाला, "तुला इतका त्रास होत होता, त्यात आणखी तुला कशाला म्हणून..." आणि हेच, हेच मला सहन होत नाही. माझ्या त्रासाची दया येऊन हे लोक माझं तोंड बंद करतात. मी म्हटलं, "तुझ्या कंपनीत तुला न विचारता कुणी पार्ट पुढे पाठवला तर तू काय करतोस?" तो म्हणाला, "ती मशीन आहे, हे बाळ आहे." मी म्हटलं, "मग मशीनपेक्षा जास्त विचारायला पाहिजे होतंस." निकितानं पडदा ओढून घेतला. पोरगी जागी झाली, तोंड वेडंवाकडं केलं, पण रडली नाही. तिला छातीशी घेतली. तिनं ओढायला सुरुवात केली आणि माझ्या खालच्या टाक्यांपर्यंत कळ गेली. रागानं दूध आटतं म्हणतात. माझं काही आटलं नाही, उलट दुसऱ्या बाजूनं गाऊन भिजला.

"तिला वरडू नको, कल्याण," आत्या मध्येच म्हणाल्या. तो ओरडत नव्हताच, ओरडत मी होते. "तिला काय ठाऊक? जिचं जातं तिला ठाऊक असतं. माजी पैली सुईनं गेली." आणि नेहमीसारखी सगळी खोली गप्प. कल्याणनं मान खाली घातली. मी पण घातली असती, इतक्या वर्षांची सवय. पण त्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, म्हणजे उलट पहिल्यांदाच ते कामाच्या ठिकाणी होतं. मी विजेच्या ऑफिसात तक्रारींच्या खिडकीवर बसते. दिवसभर लोकांच्या शिव्या ऐकायच्या हेच काम. माणूस येतो आणि टेबलावर हात आपटून म्हणतो, तुमचा वायरमन आला आणि आमची लाईट गेली. रोज कुणीतरी हेच म्हणतो. मी त्याला सांगते, दादा, शांत व्हा, वायरमन कशाला आला होता? तो म्हणतो, मीच बोलावला होता. का बोलावला? तर म्हणे, सकाळपासून दिवा फडफड करत होता. म्हणजे बिघाड आधीचा, वायरमन नंतर आला, पण अंधार पडला तेव्हा समोर वायरमन होता, म्हणून सगळा दोष त्याचा. लोक खोटं बोलत नाहीत. त्यांना शेवटचंच आधी आठवतं. मी त्यांना मागे मागे नेते, एक एक प्रश्न विचारत. कधीकधी ते आणखी चिडतात.

"आत्या, कुठली सुई?" मी विचारलं. माझ्या आवाजात खिडकीवरचा आवाज आला होता, तो मलाच ऐकू आला. "कोणी टोचली?" कल्याण म्हणाला, "दिपा, पुरे." आत्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे, इचारू दे तिला. कुनी कदी इचारलंय?" आणि त्या कॉटच्या कडेला बसल्या, माझ्याकडे नाही, भिंतीकडे तोंड करून. "घाटाखाली कारखान्यावर ऊसतोडीला गेल्तो आमी. पाचटाच्या खोपटात, कोपीतच झाली. संगतीच्या म्हातारीनं नाळ कापली. लई ग्वाड हुती, केस हे एवढाले. तिसऱ्या का चवथ्या दिशी कंपौंडर आला सायकलीवर. त्यानं मांडीत सुई टोचली. आन् त्या भोकातनं रगत यायला लागलं. इतकुसं भोक. थांबंना. मी अंगठा दाबून धरला, मंग फडकं धरलं, ते भिजलं, दुसरं धरलं. दाबूनच बसले हुते मी. दिस बुडाला तवा म्हातारी मला म्हनली, सोड आता, कुनाला दाबतीस. तवा मला कळलं." त्यांचा आवाज कुठेही हलला नाही. हे सगळं त्या इतक्या वेळा मनात म्हणून बसल्या असतील की आता त्यात हलायला काही राहिलं नव्हतं. कल्याणनं हे कधी ऐकलं नव्हतं, त्याच्या तोंडावरून दिसत होतं. मला वाटलं, दिपाली, आता गप्प बस, माणूस असशील तर गप्प बस. पण माझ्या छातीशी पोरगी होती.

"कंपौंडर कशाला आला होता, आत्या?" "कशाला म्हंजी? बोलावला म्हून आला." "का बोलावला?" त्या वैतागल्या. "का म्हंजी काय! तिच्या नाकातनं रगत येत हुतं म्हून बोलावला. आदल्या दिसापासनं येत हुतं. बेंबी बी भिजायची सारकी. म्या मुकादमाच्या पाया पडले, म्हनलं टॅक्टर दे, दवाखान्यात नेते. तर म्हनला, उसाची खेप खाली होऊ दे, मंग बगू. रातभर तसंच. मंग दुसऱ्या दिशी..." आणि त्या थांबल्या. मी काहीच बोलायला नको होतं. त्यांनी सगळं स्वतःच्या तोंडानं सांगून टाकलं होतं. पण मी बोलले, कारण मी तशीच आहे. "म्हणजे रक्त सुईच्या आधीपासून येत होतं." आत्या माझ्याकडे वळल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, निखारे होते. "तू मला शिकवतीस व्हय? कालची पोर तू. तुजं एक लेकरू काय झालं आन् तू माज्या लेकराचा हिशेब मांडतीस?" त्या उठल्या आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या, पाठ करून. कल्याण त्यांच्या मागे गेला, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, त्यांनी तो झटकला. मग तो माझ्याकडे आला, मी त्याच्याकडे पाहिलं नाही. शेवटी तो दारात जाऊन उभा राहिला, पहाटे उभा होता तिथेच.

संध्याकाळपर्यंत डबा तसाच राहिला, भाकरी वातड झाली असेल. निकिताच्या घरची माणसं येऊन हसून गेली, खाली गाड्यांचे हॉर्न वाजत राहिले. मी पडल्या पडल्या आत्यांच्या पाठीकडे पाहत होते. मला त्यांची दया आली का? आली असेल, पण राग त्या दयेवर पाय ठेवून उभा होता. आणि आता तो नुसता त्यांच्यावर राहिला नव्हता, पसरला होता. त्या मुकादमावर, जो कदाचित कधीचाच मेला असेल. त्या खेपेवर. साखरेवर, जी आजच सकाळी माझ्या चहात होती. ज्यांनी सुईनं गेली हे वाक्य ऐकून घेतलं आणि पुढे एक प्रश्न विचारला नाही, त्या सगळ्या घरादारावर. कल्याणनं एकदा तरी विचारायला नको होतं का, आई, तेव्हा काय झालं? त्याच्या सख्ख्या बहिणीबद्दल. पोराला सगळं तपासता येतं, एवढंच तपासता आलं नाही. आणि आत्यांना तरी दुसरं काय सुचणार? मुकादमावर राग धरून दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच्याच फडात कोयता घेऊन उभं राहायचं होतं. सुईवर राग धरणं सोपं होतं.

डॉक्टरबाई आल्या तेव्हा दिवे लागले होते. त्यांच्या मागे अरफा सिस्टर, हातात ट्रे. त्यांनी माझं पोट चाचपलं, टाके पाहिले, पोरीचं डोकं, बेंबी, पाय. मग सवयीनं कल्याणकडे वळल्या, "काय बाबा, इंजेक्शनचं काय ठरलं?" मी म्हटलं, "त्यांना काय विचारता? इकडे विचारा." आवाज जरा मोठाच निघाला. पलीकडच्या खोलीतलं बाळ दचकून रडायला लागलं. डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं, चष्मा वर केला. "बरं. तुम्हाला विचारते. द्यायचं?" आणि बघा, दिवसभर जो प्रश्न मला कुणी विचारला नाही म्हणून मी जळत होते, तो विचारला गेला आणि मी गाऊनची बटणं लावत बसले. विचारलं तर म्हणावं लागतं. काही झालं तर मग दोष द्यायला कुणी राहत नाही, ना कल्याण, ना सासू. मी मांडीकडे पाहिलं. ती निळी शीर. "द्या," मी म्हटलं. "दोन्ही द्या. थेंब पण द्या." सिस्टरनं कापूस ओला केला, स्पिरिटचा वास आला.

"थांबा," आत्या म्हणाल्या. सगळे थांबले. त्या खिडकीपासून आल्या. मी पोरीवर हात ठेवला, आणि खरं सांगते, त्या वेळी त्यांनी तिला ओढली असती तर मी त्यांच्या हाताला चावले असते. त्यांनी ओढली नाही. स्टुलावरचा डबा खाली ठेवला, स्टूल पुढे ओढलं, बसल्या, पदर सारखा केला आणि मांडी थोपटली. "हितं द्या. माज्या मांडीवर. गादीवर टोचू नका तिला." मी दिली. त्यांनी पोरीचं दुपटं सोडलं, एक पाय हातात धरला, गुडघ्याच्या वर, बिलकुल हलणार नाही असा. बिब्ब्याला धरतात तसाच धरला असेल. बिब्ब्याचं भांडण मी उद्यावर टाकलं. सिस्टरनं टोचलं. पोरगी एक क्षण गप्प, मग तिनं जे तोंड उघडलं! सबंध अंग लाल, मुठी आवळलेल्या, हनुवटी थरथरतेय, सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असं. रडणं नव्हतं ते, संताप होता. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? ओरड बाई, मनात म्हटलं, चांगली ओरड. दुसऱ्या मांडीवर दुसरं झालं. सिस्टरनं तिथे ट्रेमधली उरलेली पट्टी लावली. पहिल्या मांडीवर कापूस ठेवला आणि म्हणाली, "आजी, हा जरा धरा, मी थेंब घेऊन येते." आत्यांनी कापसावर अंगठा ठेवला.

थेंब पाजून झाले. डॉक्टरबाई निकिताकडे गेल्या. पोरगी हुंदके देत देत शांत झाली, तोंडातल्या थेंबांची चव घेत जीभ बाहेर काढत राहिली. आत्या खाली बघूनच बोलल्या, "दिपाली, ही रगताची सुई... तवा हुती का गं?"

दिवसभर माझ्याजवळ हेच तर होतं. दुपारपासून हे वाक्य मी दातांखाली धरून ठेवलं होतं, त्यांच्या तोंडावर मारायला. होती. तेव्हाही होती. आधी कुणी दिली असती तर कदाचित जगली असती तुमची पोर, आणि तीच सुई तुम्ही माझ्या पोरीला नाकारत होता. आणि आता त्यांनीच विचारलं तर मला नाही म्हणावंसं वाटलं. नव्हती आत्या, ही नवीनच निघालीय, एवढं खोटं बोलायला काय जात होतं? कल्याण दारातून माझ्याकडे बघत होता, डोळ्यांनी विनवत होता, नाही म्हण. पण या घरात सगळ्यांनी दया करूनच सगळं दडपलं होतं.

"होती, आत्या," मी म्हटलं. "पण तुमच्या कोपीपर्यंत कुणी आणली नाही."

"का न्हाई आनली?"

मी दिवसभर लोकांना उत्तरं देते. माणूस पाठवलाय, सामान मागवलंय, वर कळवलंय. आत्यांची ही तक्रार वर कुणाला कळवू? त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. त्यांचा जबडा हलत होता, ओठांतल्या ओठांत त्या कुणाला तरी शिव्या देत होत्या, एकेक शब्द तोडून, आणि पोरगी त्यांच्या मांडीवर झोपत चालली होती.

सिस्टर चिकटपट्टी घेऊन आली. "द्या आजी, पट्टी लावते. थांबलं असेल रक्त." आत्यांनी अंगठा उचलला नाही. मी वाकून पाहिलं. कापूस पांढरा होता, मध्ये मोहरीएवढा लाल ठिपका, तोही सुकलेला.

"आत्या, सोडा आता. थांबलंय."

"दिसतंय मला," त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे जरा." आणि अंगठा तसाच दाबून धरला.